धर्माच्या गाडीचा ब्रेकचा दिवा

दुसरं महायुद्ध अजून काही वर्षं लांब होतं. आमच्या सिग्नल सेक्शनचा तळ अलिबागेला होता. मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे, हे आमचं काम.

लान्स नाईक धर्मा मुरुडचा कोळी. खाऱ्या हवेनं सगळ्यांच्या गाड्या गंजल्या, त्याची नाही. होडीला चोपडतात तसं तो गाडीचा भाग न् भाग सुटा करून माशाचं तेल चोपडायचा. आम्ही घाटावरचे नाक धरून त्याला चिडवायचो.

एकदा सगळ्या सेक्शनला मुरुडपर्यंत रांगेनं जायचा हुकूम झाला. धुळीत पुढच्याचा ब्रेकचा दिवा बघून मागच्यानं थांबायचं. नेमका धर्माचा दिवा लागेना. सुभेदारसाहेब म्हणाले, "बत्ती नाही, तर गाडी नाही." धर्माचं तोंड उतरलं. मुरुडच्या नाक्यावर त्याची आई उभी राहणार होती. तिनं त्याला वर्दीत कधी पाहिलं नव्हतं.

वायरिंगचं काम माझ्याकडे. बल्ब बदलला. पेडलचा स्विच तपासला. करंट थेट दिव्यापर्यंत येत होता. मग दिव्याच्या पत्र्यापासून इंजिनपर्यंत एक सुटी वायर धरली आणि दिवा लागला. म्हणजे दिव्याला अर्थिंग मिळत नव्हतं. दिवा आणि मडगार्ड यांच्यामध्ये तेल वाळून थर बसला होता. करंटला परतीची वाट नव्हती. मी तेवढी जागा खरवडून पत्रा उघडा केला.

धर्मा पुन्हापुन्हा पेडल दाबून बघत होता. मग त्यानं खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं.

"लोखंड उघडं टाकलंस. आता दर्या खाईल त्याला."

"खाऊ दे. दिवा लागला ना?"

"व्हय, लागला."

सकाळी निघालो, सगळ्यांच्या मागे सामानाची लॉरी. रेवदंड्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडली. काशीदच्या उतारावर धर्मा पुढे, त्याच्यामागे मी. धुळीत लाल दिवा लागला. मी थांबलो, माझ्यामागचे सगळे थांबले. वाडीतून सुपारीची बैलगाडी आडवी आली होती. धर्मा तिच्या चाकावर आदळला होता. त्याचा पाय पेडलवर अडकला होता आणि दिवा जळतच होता.

"जिवंत आहे?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"बत्ती बंद कर."

मी बॅटरीची वायर काढली. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली.

मुरुडच्या नाक्यावर म्हातारी एकेक गाडी बघत होती. तिनं मला हात केला. "आमचा धर्मा कुठं हाय?"

"मागच्या लॉरीत आहे, आई," मी म्हणालो.

त्याची गाडी पावसाळाभर शेडमध्ये पडून होती. नंतर पाहिली, तर मी खरवडलेली रुपयाएवढी जागा तेवढी गंजली होती. बाकी सगळ्या गाडीला धर्माच्या हातचं तेल होतं.