राणीच्या नवऱ्याला काय म्हणतात

बायकोला पदवी द्यायला आपली मराठी कधी हात आखडता घेत नाही. पाटलाची ती पाटलीण, मास्तरांची मास्तरीणबाई, डॉक्टरांची डॉक्टरीणबाई, मग तिला तापाची गोळी ओळखता येवो न येवो. राजाची तर थेट राणीसाहेब. पण बाईच गादीवर बसली, तर तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं? शाळेत ‘लिंग बदला’ आम्ही घोकून पाठ केलं होतं, त्यात हे कुठंच नव्हतं.

नव्वदच्या दशकात शिरपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि माझी आई सरपंच झाली. खरं तर गावानं निवडलं होतं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आईचं नाव फक्त लावायला. निकालाच्या संध्याकाळपासूनच लोक आबांना सरपंच म्हणू लागले. आबा मात्र भलतेच हट्टी. कुणी ‘रामराम सरपंच’ म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, “सरपंच घर शे. मी नही.”

मग एक दिवस त्यांनी शाळेच्या गुरुजींना गाठून विचारलं, इंग्लंडच्या राणीच्या नवऱ्याला काय म्हणतात? गुरुजी म्हणाले, राजा म्हणत नाहीत. राजा म्हटलं की तो राणीच्या वर जातो. म्हणून तो नुसता राजपुत्र, आणि चारचौघांत दोन पावलं मागं चालतो. आबांना हे इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवसापासून आई पंचायतीत निघाली की हे तिच्या मागं दोन पावलं, बगलेत तिची छत्री, हातात शिक्क्याची पिशवी. आई आत खुर्चीवर आणि हे बाहेर ओट्यावर विडी ओढत. कुणी हसलं तर म्हणायचे, “मी राजपुत्र शे, भो.”

गाव हसायचं, आबाही हसायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो. आमच्याच भागातल्या एका पोरानं ही गोष्ट मेसमध्ये रंगवून सांगितली आणि मी ‘युवराज’ झालो. वाढप्यालाही सांगायचे, आधी युवराजांना वाढ. मी वरवर हसायचो आणि आतून जळायचो. कुणाचा बाप बायकोची छत्री घेऊन फिरतो?

त्या उन्हाळ्यात मी चार दिवस घरी आलो होतो, तेव्हा गावाच्या नळासाठी तालुक्याचे बीडीओ साहेब आले. पाइप एकाच बाजूला पुरणार होता, चौकाकडे नाहीतर खालच्या गल्लीकडे. खालच्या गल्लीतल्या बाया लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणत. आईनं त्यांना शब्द दिला होता. साहेबांना काय सांगायचं ते ती भाकरी थापताना स्वतःशीच बोलून बघायची. एकदा तर मलाच साहेब करून समोर बसवलं होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आई साहेबांशेजारी खुर्चीवर, आबा खांबाला टेकून उभे, मी पुढच्या रांगेत. साहेबांनी आबांकडे बघून विचारलं, “हे कोण?”

आई नवऱ्याचं नाव कसं घेणार? पदर सावरत ती म्हणाली, “आमचे मालक.”

साहेब खळखळून हसले. “म्हणजे सरपंचांचेही मालक! अहो मालक, उभे का? या, बसा इथं.” कुणीतरी लगबगीनं खुर्ची आणली.

आबांनी हात जोडले. “साहेब, मी बसनू तं ती उठी जाई.”

मांडव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “राजपुत्र शे तो!” साहेबांना काही कळेना, तेव्हा एक पुढारी त्यांना इंग्लंडच्या राणीपासून सगळं समजावून सांगू लागला. प्रत्येक जण माझ्याकडेच बघतोय असं मला वाटलं. मी उठलो, आबांचा दंड धरला आणि दातओठ खात म्हणालो, “आबा, बसी जा ना. माले लाज वाटस.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. गावाच्या हसण्याला ते बधले नव्हते, साहेबालाही बधले नव्हते. ते बसले.

आणि आई उठली. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. नवऱ्याच्या खुर्चीला खुर्ची लावून ती जन्मात कधी बसली नव्हती, तिचे पाय आपोआप उठले असणार. ती जाऊन बायकांत सतरंजीवर बसली.

“हं मालक, नळ कुठं हवा?” साहेबांनी विचारलं.

“तिले इचारा, साहेब,” आबा म्हणाले. पण तोवर पुढारी “चौकात, चौकात” करून उठले होते आणि साहेबांनी मान डोलावली होती. खालच्या गल्लीतल्या बाया आईकडे बघत होत्या. आई खाली मान घालून सतरंजीचा निघालेला दोरा ओढत होती.

घरी आल्यावर आबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मांडवात मला वाटली ती लाज खोटी होती. खरी लाज त्या दिवशी जेवताना, आईनं नेहमीसारखी भाकरी पुढं केली तेव्हा वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला फाट्यावर एसटीला सोडायला आले. चहावाल्यानं हाक मारली, “रामराम, सरपंच.”

मी त्यांच्या उत्तराची वाट बघत राहिलो. आबांनी माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“रामराम,” ते म्हणाले.