रामदासभाऊ भरती झाले त्या दिवशी

मेहकरच्या बाजूला लोक जातात ते लोणारचं सरोवर बघायला, नाहीतर बालाजीच्या दर्शनाला. मी गेलो डोणगावच्या पुढच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात, तेही धडधाकट तब्येतीने. ऑफिसातल्या कुणाला ही सहल वाटली नाही. मला मात्र वाटली.

मी दवाखान्यांचे नकाशे काढतो. करोनानंतर आमच्या धंद्याला बरे दिवस आले, हे सांगताना जीभ अडखळते, पण खरं आहे. उद्या एखादा नवाच ताप आला तर रोगी कोणत्या दाराने आत येईल, सिस्टर पीपीई किट कुठे घालतील, कुठे काढतील, वारा कुणीकडून कुणीकडे जाईल, हे सगळं आधी कागदावर ठरवायचं असतं. या दवाखान्याचं काम आलं, जुना नकाशा उघडला आणि कोपऱ्यात दिसलं आमचं घर. घर म्हणजे सिस्टरचं क्वार्टर. माझी आई तिथे नर्स होती आणि माझं सगळं बालपण त्या दोन खोल्यांत गेलं. ॲम्ब्युलन्स वळवायला जागा हवी म्हणून मी त्याच्यावर पाडकामाची फुली मारली होती. आईला दाखवलं, तर ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"पाडाचं तर पाड बापा," ती म्हणाली. "पण आधी पाहून ये."

म्हणून निघालो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स चिखलीला पहाटे सोडते. भाडं परवडतं, पाठीला परवडत नाही. जालन्यानंतर रस्ता आता इतका चांगला झालाय की मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं. आमच्या वेळी देऊळगाव राजा आलं हे खड्ड्यांवरून कळायचं. चिखलीच्या स्टँडवर गरम आलुबोंडा आणि चहा घ्या, मग मेहकरची लाल एसटी धरा. खिडकीची जागा मिळाली तर दोन्ही बाजूंना वाळायला आलेली तूर आणि हिरवा हरभरा दिसतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून न विचारता माझ्या हातावर ठेवल्या.

"कुठं जाऊन राह्यले?"

मी दवाखान्याचं नाव सांगितलं.

"कोण भरती हाय?"

"कोणीच नाही. काम आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. "घाबरू नका, होते बरं," असं म्हणून त्यांनी आणखी मूठभर शेंगा दिल्या. आमच्याकडे 'भरती' हा शब्द कानावर पडला की माणूस घरी बसत नाही. भेटायला न गेलेल्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं.

मेहकरहून डोणगावपर्यंत दुसरी एसटी, पुढे काळीपिवळी जीप. राहायचं असेल तर मेहकरातच राहा, पुढे सोय नाही. दवाखान्याचं फाटक तेच, रंग नवा. आत पाऊल टाकलं आणि फिनाईलचा वास आला, आणि मला कडकडून भूक लागली. ही माझी जुनी खोड. आई ड्यूटीवरून यायची, तिच्या साडीला हा वास असायचा आणि हात धुऊन ती थेट ताट वाढायची. त्यामुळे इतरांना फिनाईलने आजार आठवतो, मला पिठलं आठवतं.

क्वार्टर उभं होतं. टिनं गंजलेली, दाराला कुलूप, पण ओटा शाबूत. याच ओट्यावर रोग्यांचे नातेवाईक येऊन बसायचे. कुणाला कढई हवी असायची, कुणाला काडेपेटी, कुणाला नुसतं रडायचं असायचं. आई आधी रागवायची, मग चहा टाकायची. मी ओट्याला हात लावून उभा राहिलो आणि, सांगायला लाज कशाची, डोळे भरून आले.

डॉक्टर मेघा इथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी. उत्साही बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी सराव ठेवला होता. खोटा रोगी फाटकातून येईल, त्याला ताप विचारला जाईल, मास्क देऊन बाजूच्या दाराने वेगळ्या खोलीत नेलं जाईल, आणि कुठे काय अडतं ते मी टिपून घेईन. रोगी व्हायला वॉर्डातले शिपाई रामदासभाऊ आनंदाने तयार झाले. "इतक्या वर्सात पहिल्यांदा मले कोणी झोपा म्हणून राह्यलं," असं म्हणत ते पांघरूण ओढून पडले.

सकाळ झकास गेली. किट घालायची खोली लहान पडते हे कळलं, हात धुवायचं बेसिन चुकीच्या बाजूला आहे हे कळलं. दुपारी फाटकाशी एक जीप येऊन थांबली. तिच्यातून उतरलेली माणसं मोजायचा मी प्रयत्नच केला नाही. पुढे एक ठसठशीत बाई, हातात डबा, डोळ्यांना पदर. रामदासभाऊंची थोरली बहीण, सुमनबाई. झाडलोट करणाऱ्या मावशींनी सकाळी फोनवर कुणाला तरी सहज सांगितलं होतं, "रामदासभाऊले भरती केलं, अलग खोलीत ठेवलं." सराव हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला होता.

"काय झालं माह्या भावाले?"

डॉक्टर मेघा म्हणाल्या, "अहो, काही झालं नाही. खोटं खोटं आहे. सराव चाललाय."

"मंग तोंडाले फडकं बांधून काऊन निजला तो?" खिडकीकडे बोट दाखवत सुमनबाईंनी विचारलं.

तेवढ्यात रामदासभाऊंनी आतून खिडकीच्या जाळीमागे हात हलवला. बहिणीला धीर देण्यासाठीच हलवला असणार. पण सुमनबाईंनी हंबरडा फोडला. "हात हालवून राह्यला, बोलता येत नाही त्याले!"

मला हसू आलं होतं. पण त्यांचं पुढचं बोलणं ऐकलं आणि ते विरलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मॅडम, मागच्या खेपेले माह्या मालकाले बी असंच म्हणे, काही नाही, बरे हायेत. मंग एकदम पिशवीच बांधून देली. तोंड नाही पाह्यलं म्या. याले फक्त पाहू द्या. हात नाही लावत."

माझे बाबा करोनात असेच गेले. आईने त्यांना शेवटचं पाहिलं ते ॲम्ब्युलन्सचं दार लागताना. जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांपाशी बसलेली बाई, तिला स्वतःच्या माणसापाशी बसता आलं नाही. मी तेव्हापासून कितीतरी दवाखान्यांचे नकाशे काढलेत, सगळ्यांत हवा कुठून जाते ते दाखवलंय. भेटायला आलेला माणूस कुठे बसेल ते एकातही नाही.

डॉक्टरांनी सराव तिथेच थांबवला. रामदासभाऊ मास्क काढून चप्पल शोधत बाहेर आले. सुमनबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि मग पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. "गाडीचं भाडं देजो आता."

परत जायची कुणालाच घाई नव्हती. सगळे सरळ क्वार्टरच्या ओट्यावर जाऊन बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. डबा उघडला. रोग्यासाठी पातळ खिचडी आणि बाकीच्यांसाठी कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. डॉक्टरांना आणि मलाही बसवलं. असं भरीत तुम्हाला मेहकरच्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, तेव्हा पत्ता विचारू नका.

जेवण झाल्यावर मी कुलूप उघडून घेतलं. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि तापाच्या रोग्यांच्या त्या वेगळ्या खोलीची भिंत समोरासमोर आहेत, मध्ये जेमतेम एक बोळ. लहानपणी मी याच भिंतीला टेकून अभ्यास करायचो आणि पलीकडचं खोकणं ऐकायचो.

"हे पाडायचं नाही," मी डॉक्टरांना म्हणालो. "दोन्ही भिंतींत बंद काचा बसवू. हवा इकडची तिकडे जाणार नाही. नातेवाईक इथे बसतील, रोगी तिकडून दिसेल. ॲम्ब्युलन्स मागच्या फाटकातून घेऊ."

"गर्दी होईल हो."

"गर्दी होणारच आहे. फाटकाशी होण्यापेक्षा इथे होऊ द्या."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मावशींनी लगेच झाडू घेतला.

परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही, पाठीमुळे नव्हे. आमचं स्वयंपाकघर आता आमचं राहणार नाही, याचं वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. तुम्ही त्या बाजूला गेलात तर लोणार जरूर बघा. दवाखाना बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

घरी पोचल्यावर लॅपटॉप आईसमोर ठेवला. फुली पुसलेली दाखवली, भिंतीतली काच दाखवली. कमरेच्या उंचीपासून वर, चांगली रुंद, जशी सगळीकडे असते तशी. कशासाठी आहे ते सांगितलं. तिने त्या काचेच्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही खालपर्यंत आण," ती म्हणाली. "पार जमिनीपर्यंत. अशा वक्ताले माणसाले उभं राहवत नाही."

मी तिच्यासमोरच रेघ खाली ओढली.