पिंपळापुढची वाट

सदाशिव गेल्याची बातमी मला एका गाडीवानानं सांगितली. कापूस टाकून अमरावतीहून रिकाम्या गाड्या परतत होत्या आणि मी कचेरीच्या ओट्यावर कुणाचा तरी अर्ज लिहीत बसलो होतो. गाडीवान खाली उतरला, माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "नाना, मुनीम गेले. ताप भरला तो उतरलाच नाई. तिकडंच माती झाली." मी हातातलं वाक्य पुरं केलं. का केलं, देव जाणे... मग बोरू खाली ठेवला. आणि तेव्हा मनात काय आलं, ते सांगतो. दुःख मागून आलं. आधी राग आला, की ही गोष्ट या माणसाला माझ्याआधी ठाऊक होती.

या वर्तमानपत्राचे वाचक सदाशिवला नावानं ओळखत नसतील. वऱ्हाडातल्या कापसाच्या दिवसांची वर्णनं इथं 'तट्टूस्वार' या सहीनं येत, ती त्याची. अकोल्यातल्या एका पेढीवर तो मुनीम होता. अमेरिकेत लढाई पेटली, मुंबईचे व्यापारी आमच्या कापसावर तुटून पडले आणि ज्वारीची वावरं पाहता पाहता पांढरी झाली. हिवाळाभर तट्टावर बसून गावोगाव हिंडायचं, बोंडात हात घालून कापूस पाहायचा, सौदा पेढीला कळवायचा, हे त्याचं काम. लिहिणं हा त्याचा नाद. नाद मलाही होता. वर्णनं मीही पाठवत असे. ती छापून आली नाहीत, हे संपादकमहाराजांना माहीत आहेच.

थंडीच्या दिवसांत पहाटे आम्ही दोघं मोर्णा नदीच्या काठानं निघत असू. तो त्याच्या तट्टावर, चांद्यावर, मी माझ्या म्हाताऱ्या घोडीवर. अंगावर घोंगडी, मुंडासं कानांवर ओढलेलं, तोंडातून वाफ. उजाडलं, की सदाशिव लगाम मांडीखाली दाबायचा, बंडीच्या खिशातून कागद काढायचा आणि आदल्या दिवशी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा. बसून वाचलेलं त्याला कधीच आवडलं नाही. "बसून वाचलं का मजकूर पेंगते," म्हणायचा. लिहायचाही तो कापसाच्या ढिगाऱ्यावर बसून, त्यामुळे ओल्या शाईत तंतू चिकटलेले असत आणि वाचताना तो मधेच थांबून अक्षरांवरचा कापूस फुंकायचा. मी ऐकायचो. सुरेख लिहायचा, मेला! मी दिवसभर कचेरीत 'विनंती विशेष' आणि 'सरकारचे ताबेदार' लिहिणारा माणूस. माझ्या हाताला तेच वळण पडलं होतं. त्याचं वाक्य तूर हलावी तसं हलायचं आणि माझं वाक्य साहेबापुढं हात जोडून उभं राहायचं. जळायचो मी. पण एक समाधान होतं. त्याचं लिहिलेलं सगळ्यात आधी माझ्या कानावर पडतं, असं मी धरून चाललो होतो.

बोरगावच्या वाटेवर एक पिंपळ आहे. तिथून मी परत फिरत असे, कारण कचेरी उघडायच्या आत ओट्यावर बसायला हवं. तो पुढे जाई. त्याची सगळी वर्णनं पिंपळापुढची असत. रेल्वेच्या मोजणीची निशाणं वावरातून काढून घरात झाकून ठेवणारे शेतकरी, हुरड्याचा धूर, कापसाच्या गाड्यांवर झोपलेली माणसं... सगळं पिंपळापुढचं! एकदा मी म्हणालोही, "मलेही घेऊन चाल ना तिकडं."

"चाल की. कचेरी बुडव."

"साहेब काय म्हनन?"

"मंग बस अर्ज लिहत," असं म्हणून तो हसत हसत निघून गेला. कचेरीला सुटी असे, त्या दिवशी त्याचा बाजार असे. असं करत करत ते राहूनच गेलं. तो पाठमोरा दिसायचा, मी घोडी वळवायचो आणि घरापर्यंत मनात एकच विचार असायचा, की आता याला काय काय दिसणार आहे.

लढाई संपली, भाव कोसळले. पेढीचा माल अडकू नये म्हणून तो गाड्यांबरोबर स्वतः अमरावतीला गेला. त्यामुळे चांद्या घरीच राहिला होता. तेरावं झाल्यावर काशीवहिनींनी मला बोलावून घेतलं. सदाशिवची बायको बोलायला स्पष्ट. दाराआडून म्हणाल्या, "भाऊजी, ते तट्टू दावणीले उभं राहून राहून अंगात दुखणं धरन. फिरवून आना जरा." म्हणून मी चांद्यावर बसलो. पिंपळ आला आणि माझा हात सवयीनं लगाम वळवू लागला. चांद्यानं मान झटकली आणि तो सरळ चालू लागला. मीही त्याला अडवलं नाही. त्या दिवशी कचेरी बुडली.

पुढं तो आपल्या मनानं थांबत गेला. एका बारवेवर थांबला. मग टेकाडावर थांबला. तिथून पलीकडं सातपुड्याची निळी ओळ दिसत होती. दर ठिकाणी थोडा वेळ उभा राही आणि मी हाकलायच्या आत चालू लागे. कुठं किती थांबायचं, हे त्याला पाठ होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बोरगावच्या अलीकडं तो वाट सोडून एका अंगणात शिरला. चार-सहा बाया हातानं चरकी फिरवत कापसातली सरकी काढत बसल्या होत्या. चांद्याला पाहून त्या हसत उठल्या, आणि मग वर मी दिसलो.

"तुमी कोन? मुनीम काहून नाई आले?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्या साळूबाईनं विचारलं.

मी सांगितलं. चरक्या थांबल्या. साळूबाईनं पदर डोळ्याला लावला. मग मला ताक दिलं, चांद्यापुढं मूठभर सरकी टाकली आणि म्हणाली, "वाचून दाखवत जाय आमाले. आमी चरकी फिरवत आयकावं. हासू आलं नाई का म्हने, 'हे खोडतो.' मंग अकोल्यात कोन्या दोस्ताले दाखवतो म्हने."

मंग! म्हणजे मी दुसरा. ज्या वाक्यावर मी पहाटेच्या थंडीत 'वा!' म्हणायचो, ते इथून हसून, चाळून माझ्याकडं आलेलं असायचं. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात... मी ताक पीत पीत केला. त्या बायांचा केला, बारवेचा केला, सातपुड्याचाही केला. बाईनं माझं नाव विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

परतताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. चांद्याला सदाशिवच्या सगळ्या जागा पाठ आहेत. मग माझी जागा? आमच्या गल्लीत आधी माझं घर लागतं, मग त्याचं. गल्लीच्या तोंडाशी मी लगाम सैल सोडला आणि श्वास धरून बसलो. पन्नाशीला आलेला माणूस, एका तट्टाकडून निवाडा मागत होतो! माझा दरवाजा आला. चांद्यानं कानसुद्धा हलवला नाही. तसाच पुढं गेला आणि आपल्या दावणीपाशी जाऊन उभा राहिला.

उतरलो आणि लगाम हातात धरून तिथंच उभा राहिलो. वहिनींनी विचारलं, "काय झालं भाऊजी? पाडलं काय त्यानं?" मला राहवलं नाही. बारव, टेकाड, साळूबाई, सगळं सांगितलं आणि शेवटी तेही सांगितलं. "सगळीकडं थांबला, वहिनी. माह्या दारात नाई थांबला."

वहिनी माझ्याकडं पाहतच राहिल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू दिसलं. "तुमच्या दारात थांबाचं काम पडलं कधी? तुमी तं घोडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभेच राहत होते. हे इथून निंघतानी मले रोज म्हनत, नाना थंडीत उभा असन, आन मी अजून पानी पिऊन राहिलो."

मी चांद्याला दावणीला बांधलं. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. मुंडासं बांधलं, घोडीवर खोगीर टाकलं आणि गल्लीच्या तोंडाशी गेलो. थंडी मोठी होती. पलीकडच्या घरातून चांद्याचं फुरफुरणं ऐकू येत होतं. ऊन माझ्या खांद्यावर येईपर्यंत मी तिथं उभा होतो.