डांबरगोळ्यांचा तपास

ती घटना आठवली की आजही आधी वास येतो, मग माणसं आठवतात. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, दुष्काळ पडला होता आणि मी चाकूर भागात नवा फौजदार होतो. अंगात रग भरपूर, अनुभव बेताचा.

खबर आली की एका गावात पाणी उरलेल्या एकुलत्या एका विहिरीत कुणीतरी विष टाकलंय. पाण्याला उग्र वास येत होता. संशय पाणी सोडणाऱ्या तरुणावर होता. बौद्ध वस्तीतला हा पोरगा ग्रामपंचायतीत नुकताच नोकरीला लागला होता आणि पाण्याच्या नंबरावरून आदल्याच दिवशी त्याचं चारचौघांशी वाजलं होतं. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेलीच असती.

पंचनाम्याच्या वेळी पोहरा तळापर्यंत सोडला, तर गाळातून पांढऱ्या गोळ्या वर आल्या. हवालदारांनी एक हुंगली. "साहेब, ही तर ट्रंकेतली डांबरगोळी हाय."

अहमदपूरच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना ती दाखवली. ते म्हणाले, हे नॅप्थलीन. पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. उघड्यावर ठेवलं तर न वितळताच हवेत उडून जातं. कपड्यांची कसर पळवतं, पण पोटात गेलं तर घातक, लहान लेकरांना तर फारच. विहीर उपसावी लागली. ओतून दिलेल्या पाण्याकडे बघून बाया रडल्या. गोळ्यांची गोष्ट मात्र बाहेर फोडायची नाही, अशी पंचांना ताकीद दिली.

वासावरून माणूस सापडेल, असा माझा होरा होता. पण पोलिसांपुढे जायचं म्हणून अख्खं गाव ट्रंकेतले ठेवणीतले कपडे घालून जबाबाला आलं. चावडीत डांबराचा असा घमघमाट की हवालदार शिंकून बेजार. त्या हिशेबानं सगळ्या गावालाच बेड्या घालाव्या लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी एका शेतकरी घरातली म्हातारी आली.

"आजी, विहिरीत विष कुणी टाकलं?"

"मला न्हाई ठाऊक बाबा."

उठताना तिच्या जरीकाठी लुगड्याच्या घडीतून कडुलिंबाचा पाला गळला. अजून हिरवट होता. लुगड्याला डांबराचा वास नव्हता.

"आजी, ट्रंकेतल्या गोळ्या संपल्या का?"

"हाव. समद्या हिरीत टाकल्या."

"मग आत्ता न्हाई का म्हणालात?"

"तुम्ही इखाचं इचारलं! म्या तर औषध टाकलं. पान्यात किडे वळवळून राहिले, अन् लेकरं तेच पिऊन राहिली. माझ्या लुगड्याला कधी कसर न्हाई लागली, म्हनलं पान्याला बी लागायची न्हाई. अन् कुण्या मेल्यानं वरून इख टाकलं, माझं औषध वाया गेलं बघा!"

मला हसू आवरेना. तिला समजावून सांगितलं तेव्हा मात्र ती "आता मला धरून नेता का बाबा?" असं विचारायला लागली. इतका जीव लावून केलेलं काम असं अंगाशी यावं, याचं मला फार वाईट वाटलं. हेतू वाईट नव्हता. समज देऊन प्रकरण तिथंच मिटवलं.

तेवढ्यात पाणी सोडणारा तो तरुण पुढे झाला. माझ्या शेजारची खुर्ची ओढून म्हणाला, "बसा आजी. भेऊ नका, साहेब काही करत न्हाईत."

दोन दिवस तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर उभा होता आणि ती खुर्ची रिकामीच होती.

मी दोन दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो, हे शिकलोच. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोर कुणीही आलं तरी, माझा पहिला शब्द 'बसा' हाच राहिला. त्या पोराला मात्र तो शब्द म्हणायचा राहून गेला.