हद्दीपलीकडचं पाणी

आमची सोनचाफ्याची अकरा झाडं आठवड्याभरात वाळली. कुंपणालगतची तेवढीच एक रांग. बाकी वाडी हिरवी. शेजारच्या काकांनी तणनाशक फवारलं होतं. ते म्हणाले, वाऱ्याने उडालं असेल. पण मी खिडकीत होते. फवाऱ्याची नळी कुंपणावरून आमच्या झाडांकडे वळलेली मी पाहिली होती. सरकारी मोजणीत हद्दीचा निकाल आमच्या बाजूने लागल्यापासून त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

मम्मी पहाटे कळ्या खुडून, केळीच्या पानात बांधून पापडी गावच्या बाजारात नेते. त्या आठवड्यात ती रिकाम्या टोपलीकडे बघत ओट्यावर बसायची.

दादाने तणनाशकाचा कॅन आणून ठेवला. "त्यांचीही कलमं आहेत ना? आपल्याकडेही वारा सुटतो."

"देवावर सोड," मम्मी म्हणाली.

चर्चमध्येही तेच. मिस्सा संपल्यावर एका आंटीने माझा हात धरला. "तू खिडकीतलं सगळ्यांना सांगत फिरू नकोस, बाय. ख्रिस्ती माणसाने विसरायचं असतं."

मी नेहमीसारखी मान हलवली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल किंवा स्वभावच तसा म्हणून, मला वेळेवर उत्तर सुचत नाही. घरी पोचल्यावर सुचलं. विसरायचं कुठे सांगितलंय? दुसरा गाल पुढे करणारा माणूस पळत नाही. मारणाऱ्यासमोर उभा राहतो, आणि मारणाऱ्याला त्याचं तोंड बघावं लागतं. मला लहानपणापासून तो धडा भित्र्यांसाठी असल्यासारखा शिकवला गेला होता. कॅन मी दादाला परत न्यायला लावला. दादा महिनाभर मला "संत बाई" म्हणत होता.

एप्रिलमध्ये काकांची विहीर खारी झाली. समुद्राकाठच्या आमच्या पट्ट्यात असं होतं. एका विहिरीत गोडं पाणी, पन्नास पावलांवर दुसरीत मीठ. त्यांच्या कोवळ्या कलमांची पानं टोकाकडून करपायला लागली. दोन आठवडे गोडं पाणी मिळालं नसतं तर एकही कलम उरलं नसतं.

"फवारायचीही गरज पडली नाही," दादा म्हणाला.

मला आधी बरंच वाटलं, हे लिहायला हवं. दोन दिवस मी खिडकीतून ती करपणारी पानं मोजली. तिसऱ्या दिवशी मला माझीच शिसारी आली. मी आमच्या पंपाला लांब पाइप जोडायला घेतला.

दादा आडवा आला. "वेडी झालीस? की शास्त्रातलं करतेयस? वैऱ्याला पाणी पाजलं की त्याच्या डोक्यावर निखारे पडतात म्हणे. तसं असेल तर मी पाइप धरतो."

"निखारे नकोत. कलमं जगायला हवीत."

"आणि आपली अकरा?"

"ती त्यांनी मारली. तेही सांगणार आहे."

काका कुंपणाशीच होते. या वेळी मला वेळेवर सुचलं. "काका, आमच्या झाडांवर तुम्ही मुद्दाम फवारलंत. मी पाहिलंय. कुणी विचारलं तर हेच सांगेन. हा पाइप घ्या. संध्याकाळी पाच ते सहा पाणी येईल."

"मी काही केलेलं नाही," ते म्हणाले.

"तसं म्हणा. पाणी येईलच."

त्यांनी पाइप उचलला नाही. मी तो कुंपणाखालून सरकवला आणि पंप चालू केला. पाणी थोडा वेळ वाटेवर सांडत राहिलं. मग काकू आतून आल्या, त्यांनी पाइपचं तोंड पहिल्या आळ्यात धरलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

कलमांना नवी पालवी आली. माफी आली नाही. मी तिची वाट पाहत नव्हते, असंही नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी काका स्वतः कुंपणाशी आले. मम्मी, दादा, मी, तिघंही थांबलो.

"एक तास पुरत नाही," ते म्हणाले. "दोन तास सोडता येईल का?"

दादाला हसावं की शिव्या द्याव्यात ते कळेना. मी म्हटलं, "नाही, काका. आमचीही नवी रोपं आहेत. एकच तास."

बाजारात ते सांगत फिरले की आमच्या पोरीला फार गर्व चढलाय. मम्मीला वाईट वाटलं. मला तितकंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी पंप चालू केला, सहाला बंद केला.