दुसरा पंख

धामणगाव बढ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर काका राहतात. बोलणं संपलं की आजही ते सवयीने दारावर दोनदा थाप मारतात.

हाताचा कंप थांबावा म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जन्मात ब्रश न धरलेले काका भिंतीवर पक्षी रंगवू लागले. झोप नाही, जेवण नाही. "मेंदूवर गोळ्यांचा परिणाम," म्हणत डॉक्टरांनी डोस घटवला. झोप आली; पक्षी येईनात.

दिवाळीला सून चुना घेऊन आली, तेव्हा काका अर्ध्या टिटवीला पाठ लावून उभे राहिले.

"मामाजी, सरका ना."

"येवढी राहू दे, पोरी."

तेवढी भिंत तशीच राहिली. मी गेलो की काका हळूच विचारतात, "हिचा दुसरा पंख म्या कसा काढला असता? तुले काय वाट्टे?"