उद्घाटनापूर्वी हात लावू नये

मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे संस्थेत जे काही घडतं त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे येतं. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीशी आमच्या संगमनेरच्या कॉलेजनं सामंजस्य करार केला, तेव्हा सामंजस्य म्हणजे काय हे व्यासपीठावरून मीच समजावून सांगितलं. करार सोपा होता. कंपनी मशीन देणार, कॉलेज त्यावर मुलांना शिकवणार, शिकलेल्या मुलांतून कंपनी माणसं निवडणार. त्यासाठी शाली मात्र बऱ्याच लागल्या.

मशीन खरोखर आलं. संगणकाच्या हुकमावर धातूत हवा तो आकार कोरणारं, माणसाहून उंच सीएनसी मशीन. ते नव्या शेडमध्ये बसवलं, त्यावर निळी ताडपत्री घातली आणि पुढं पाटी टांगली: ‘उद्घाटनापूर्वी हात लावू नये’. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. मंत्र्यांना आधी अधिवेशन होतं, मग लग्नसराई होती, मग आचारसंहिता लागली. दरम्यान अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवणारे निदेशक फळ्यावर रंगीत खडूनं मशीनचं पॅनेल काढत आणि छडीनं बटणं दाखवत. चित्र सुरेख होतं, आणि वीज गेल्यावरही चालायचं.

त्या वर्गात राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली मुलगी होती. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. बारावीपर्यंत माझ्या तासाला होती, म्हणून कधीमधी बोलायला थांबे. घरची भातलावणी उरकली की तिची आई आणि भाऊ नारायणगावला टोमॅटो तोडायला जात. पहाटे चौकात उभं राहायचं, शेतकरी गाडी घेऊन येतात, माणसं निवडून नेतात. तीही दोन हंगाम त्या चौकात उभी राहिली होती.

“तिथं नाव कुनी इचारत न्हाई, सर,” ती म्हणाली होती. “हात बघत्यात.”

तिला त्या चौकात परत जायचं नव्हतं. कंपनीची निवड चाचणी वर्षाखेरीस होती आणि ती मशीनवरच होणार होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती प्राचार्यांकडे गेली आणि आठवड्यातून एक तास तरी मशीन चालू करा म्हणाली. मी तिथं कसल्याशा स्वागतपर भाषणासाठी बसलो होतो. प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि मनापासून विचारलं, “बाळ, ते बटण तूच दाबलंस, तर मंत्रिमहोदयांनी काय दाबायचं?”

ती उठली आणि खुर्ची जागेवर सरकवून वर्गात गेली. मी भाषणात ‘कुशल हात’ हा शब्दप्रयोग घातला होता, तो तसाच ठेवला.

खंडेनवमीला मात्र ताडपत्री निघाली, कारण पूजेला बंदी नव्हती. मशीनला हार घातला, नारळ वाढवला, पेढे वाटले आणि सगळे फोटोसाठी बाहेर गेले. चष्मा विसरला म्हणून मी परत शेडमध्ये आलो, तर ती मशीनपाशी एकटी उभी. डाव्या हातात कुंकवाची वाटी, उजव्या हाताची बोटं पॅनेलवर फिरत होती. एक बटण, दुसरं, तिसरं. जरा थांबून पडद्याकडे बघायची, पडदा काळाच. मग पुन्हा पहिल्यापासून.

“अगं, बंद आहे ते,” मी म्हणालो.

“बंदच हाय, सर. म्हनून तर दाबते.”

उद्घाटनाची पुढली तारीख ठरली, तोवर निवडणूक आली आणि मंत्री आले नाहीत. चाचणी मात्र ठरल्या दिवशी झाली. मुलांना घेऊन निदेशक सुप्याला गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. तिची पाळी आली. समोर चालू मशीन, तेलाचा वास, आवाज. बटणं तिनं बिनचूक दाबली. मग आत खरोखरच काहीतरी फिरायला लागलं आणि तिनं हात मागं घेतला. परीक्षक साहेबांनी विचारलं, मशीनवर किती तास काम केलंय? तिनं खरं ते सांगितलं. साहेबांना नवल वाटलं. मशीन तर आम्हीच दिलं होतं ना, म्हणाले. आमच्या वर्गातलं कुणीच निवडलं गेलं नाही. अनुभव कमी पडतो, असा अभिप्राय आला.

उद्घाटन पुढच्या हिवाळ्यात झालं. मंत्री वेगळे होते, पण हारांची मापं तीच. ‘पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनीचं मनोगत’ कार्यक्रमात हवं होतं, म्हणून प्राचार्यांनी मला तिला फोन करायला सांगितलं. मागं टेम्पोचा आणि बायकांचा आवाज येत होता. ती नारायणगावात होती. मी निमंत्रण दिलं.

“चालू करनारेत का, सर?”

“हो. मंत्री बटण दाबणार आहेत.”

“बरं झालं.” मग म्हणाली, “मला न्हाई जमायचं, हजेरी बुडंल. मनोगत तुमीच लिवा. तुमाला चांगलं येतं.”

त्यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मनोगत मी लिहिलं. दुसऱ्या एका मुलीनं ते वाचलं आणि टाळ्या पडल्या.

मंत्र्यांनी बटण दाबलं. कंपनीच्या माणसानं आधीच सगळी तयारी करून ठेवली होती. मशीननं ॲल्युमिनियमच्या चकतीवर मंत्र्यांचं पूर्ण नाव कोरलं, आडनावासकट, फार सुबक. ती चकती मखमली पेटीत घालून त्यांनाच भेट दिली.

शेडला लागणारी थ्री फेज वीज कुणी घेतलीच नव्हती, हे त्या दिवशी कळलं. चालवायचं नसलेल्या मशीनला वीज आहे की नाही, हे कोण बघणार? मशीन चाललं होतं ते मंडपवाल्याच्या जनरेटरवर. दुसऱ्या दिवशी खुर्च्यांबरोबर तो जनरेटरही टेम्पोत चढला. शिपायानं ताडपत्री घातली. पाटी मात्र काढून टाकली, कारण आता तिची गरज नव्हती.